सोसायटी ग्रुप, अमळनेर : आप्पांच्या त्या सकाळीबद्दल

ए-१०२ (७:१०): आप्पांचा उजवा हात अजून उचलत नाही. आज बोलतोच. परवा सहाला चहाचा कप हातातून निसटला, तोंड वाकडं झालं, आणि आपण सगळे "पित्त असेल" म्हणून लिंबूपाणी पाजत बसलो. पाऊण तास त्यात गेला. लकव्यात पाणीसुद्धा देऊ नये, ठसका लागून फुप्फुसात जातं.

सी-३०१: गेटसमोर गाडी कोणाची होती, तेही लिहा.

बी-२०४: माझी. कितीदा माफी मागू दादा?

ए-१०२: गाडीचं मागाहून. पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅनच नव्हतं. तिथे थांबा, चिठ्ठी घ्या, परत गाडी शोधा. धुळ्याला पोचलो तोवर अकरा वाजून गेले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं.

बी-१०१: चोपड्याकडे एक मालिशवाले आहेत, लकव्यावर हातगुण चांगला आहे हो.

ए-१०२: काकू, राग मानू नका, पण आधी सीटी. आणि कोणी घरची डिस्प्रिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असेल तर जिवावर बेतेल.

ए-२०३: अमळनेरात न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचा डॉक्टर, आणणार कुठून?

ए-१०२: आणायचा नाही, फोनवर जोडायचा. सीटी असलेल्या दवाखान्यातून स्कॅन त्याला पाठवतात. तो व्हिडिओवर पेशंटला हात उचलायला, बोलायला लावतो. रक्तस्राव नाही दिसला, बाकी सगळं बसत असलं की इंजेक्शन तिथेच सुरू, मग पुढे हलवायचं. हिमाचलात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांत हे साध्या स्मार्टफोनवर झालंय.

ए-२०३: मग ई-संजीवनी, ती सरकारची व्हिडिओवर डॉक्टरची सेवा?

ए-१०२: ती ओपीडीसाठी. लकव्याच्या झटक्याला १०८ ची ॲम्ब्युलन्स.

सी-३०१: आणि गाडी?

सी-१०२: गाडीना इषय सोडा रे भो, आप्पा कसा शेतस?

बी-२०४: आजपासून गाडी मागच्या बाजूला लावतो. झालं?

सी-३०१: लेखी द्या.

ए-१०२: पुन्हा सांगतो, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात. रात्री सीटी कुठे चालू असतं, व्हिडिओवर न्यूरोलॉजिस्ट कोण जोडतं, ते आज फोन करून विचारतो. यादी जिन्यात लावतो.

बी-२०१ (आप्पांची सून): आज त्यांनी डाव्या हाताने कप धरला. निम्मा चहा सांडला, पण स्वतः प्यायले. भाऊ, यादी आमच्या दारावरही लावा.