एक्स-रेत न दिसणारं

‘ब्रेसचा उपयोग होतोय की नाही हे एक्स-रेच सांगतो, मग प्रश्नावल्या कशाला?’ असा प्रश्न विचारला गेलाय. माझी मुलगी १३ वर्षांची असल्यापासून स्कोलिओसिससाठी, म्हणजे कणा बाजूला वाकतो त्यासाठी, ब्रेस (धडाभोवतीचा कडक पट्टा) घालते, म्हणून लिहितेय.

एक्स-रे कण्याचा बाक अंशांत सांगतो. पण मे महिन्यात ब्रेसखालचा बनियन दिवसातून तीनदा बदलावा लागतो, कमरेच्या हाडावर लाल वळ उठतात, युनिफॉर्म दोन मापं मोठा शिवावा लागतो, हे त्यात कुठे येणार?

एसआरएस-२२ या रुग्णाने भरायच्या प्रश्नावलीत वेदना, हालचाल, स्वतःचं दिसणं, मनःस्थिती आणि उपचारांबद्दलचं समाधान एवढं येतं. चांगली आहे, पण ती स्कोलिओसिसच्या सगळ्याच रुग्णांसाठी. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये खास ब्रेसवाल्या मुलांसाठी ३४ प्रश्नांची प्रश्नावली केली. तिच्यात शाळेचा वेगळा विभाग आहे. मला तीच जास्त पटते, कारण ब्रेस खरा टोचतो तो वर्गातल्या बाकावर बसल्यावर.

आणि कृपा करून फॉर्म मुलांना एकट्याने भरू द्या. माझ्यासमोर लेकीने ‘अजिबात त्रास नाही’वर खूण केली होती. मी पाणी आणायला बाहेर गेले, परत आले तर ती खोडलेली होती.