हॉलमध्ये काहीच कशाला जुळत नाही? तुमचे अनुभव लिहा

नौपाड्यातली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि घोडबंदर रोडच्या भाड्याच्या घरात आजोबांची शिसवी खुर्ची, सासूबाईंचं सागवानी बाकडं आणि आमचा निळा सोफा पहिल्यांदा समोरासमोर आले. सगळे म्हणाले, जुनं काढा, एक सेट घ्या. आमचं मन होईना. पण चार महिने हॉल गोदामासारखा दिसत होता, हेही खरं. मला वाटायचं रंग खटकताहेत. खटकत होती बसायची उंची! खुर्ची 15 इंच, सोफा 17, बाकडं 20. बाकड्यावरचा माणूस खुर्चीतल्याच्या डोक्यावरून बोलायचा. सुतारदादांनी बाकड्याचे पाय 3 इंच उतरवले, खुर्चीखाली 2 इंचांचे ठोकळे दिले. लाकूड, रंग, काळ अजूनही तिघांचे तीन. पण आता संध्याकाळी गप्पा रंगतात. तुम्ही काय काय एकत्र नांदवलंत? फसलेलंही लिहा.

वाशी
सिडकोचं जुनं घर, हॉल 10 बाय 12. गळतीसाठी लादी फोडली, तशी मोझॅक लादी पुन्हा मिळेना. मग तेवढ्या पट्ट्यात रंगीत सिमेंटच्या टाइल्स बसवल्या, प्रत्येकीची नक्षी वेगळी. विटकरी रंग मात्र प्रत्येकीत थोडा तरी आहे, तो बघूनच निवडल्या. या टाइल्स डाग पितात. बसवून सुकल्या की लगेच सीलर मारून घ्या. आम्ही उशीर केला, हळदीकुंकवाची हळद अजून तिथेच आहे.

कोपरखैरणे
आधी बल्ब बघा. आमच्याकडे एक 6500 केल्व्हिनचा पांढरा, बाकीचे पिवळे. सगळे पिवळे, 2700 चे केले आणि त्याच रात्री खोली एक झाली.

चरई
आईचा झोपाळा, पितळी कड्यांचा, आणि समोर लोखंडी पाइपच्या खुर्च्या. हुक कुठे मारायचे ते इंजिनिअरला विचारून ठरवलं, स्लॅबला अंदाजाने भोक पाडू नका. झोक्याला मागेपुढे जागा हवी म्हणून टीपॉय काढून टाकला. गुडघे दुखतात म्हणून आई सोफ्यावर बसत नसे. आता दुपारभर झोपाळ्यावरच बसून भाजी निवडते, आणि शेजारच्या काकू येऊन बसतात त्या पाइपच्या खुर्चीतच.

सीवूड्स
आमचं फसलं. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून एकाच दिवसात सहा वेगवेगळ्या खुर्च्या आणल्या. घर नव्हे, दुकान दिसायला लागलं. एकीला वाळवी निघाली, ती टाकली. आता रोजच्या वापरातली एकच, वेताची. मला वाटतं प्रत्येक वस्तू घरात रुळायला वेळ द्यायला हवा होता. चार अजून गच्चीच्या जिन्यात आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा.

घोडबंदर रोड
सीवूड्स, त्यातली एखादी 17 इंचांची आहे का? आमच्या खिडकीपाशी एक जागा रिकामी आहे.