होहच्या जंगलात तंबू भिजतो तो आतून

पावसाळी जंगलात मुक्कामाला तंबू वॉटरप्रूफ असला की झालं, असं म्हणतात. होहच्या जंगलात तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या या भागात वर्षाला साधारण साडेतीन मीटर पाऊस. जुलै-ऑगस्ट त्यामानाने कोरडे. तेव्हा त्रास होतो तो श्वासातल्या वाफेचा. ती थंड कापडावर जमते आणि पहाटे ठिबकते. तंबूच्या वरच्या हवेच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवा, बाहेरचं कापड आतल्या जाळीला टेकणार नाही इतकं ताणा. ग्राउंडशीट, म्हणजे तंबूखाली अंथरायचं कापड, कडेबाहेर डोकावलं तर पाणी गोळा करून तळाखाली नेतं, म्हणून कडा आत दुमडा. पिसांची स्लीपिंग बॅग ओलाव्याने गोळा होते आणि ऊब जाते. इथे सिंथेटिकच घ्या.

इथल्या होह नदीचं पाणी हिमनदीच्या पिठूळ गाळाने दुधाळ असतं. थेट फिल्टरला लावलंत तर तो लवकरच तुंबतो. भांड्यात रात्रभर निवळू द्या, वरचं नितळ तेवढं गाळा. जवळ स्वच्छ ओढा असेल तर उत्तमच. उन्हाच्या दिवशी बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, तेव्हा तंबूसाठी नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यावर उंच जागा बघा. शेवाळावर मात्र तंबू नकोच, दबलेलं शेवाळ सावरायला वर्षं लागतात.

जंगलात आतल्या भागातल्या रात्रीच्या मुक्कामांना परवाना लागतो, तो आधीच काढा.