कोल्हापुरात दारू सोडायची आहे, पण नात्याचं घरी कळू द्यायचं नाही. ॲडमिशनला सही कोणाची?

पन्हाळा_वारा
मित्र गे आहे, राजारामपुरीत जोडीदाराबरोबर राहतो. रोज तीन क्वार्टर व्हिस्की. आता सोडायची म्हणतोय. वडील गडहिंग्लजला असतात. त्यांना दारूचं ठाऊक आहे, नात्याचं नाही. व्यसनमुक्ती केंद्रात वडिलांचीच सही मागतील का? शिवाय त्याची ओळखीची सगळी माणसं पार्टीतलीच आहेत. घरीच कोंडून घेऊन चार दिवसांत बंद केली तर चालेल का?

केसपेपर
घरी कोंडून अजिबात नको. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीच्या तीन क्वार्टर म्हणजे दिवसाला साधारण १८० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एवढी दारू एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, प्रचंड घाम, माणसं न ओळखणं सुरू झालं तर ती जिवावरची वेळ असते. त्याला आधी कधी फिट आली असेल तर धोका आणखी वाढतो.

सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, मनोविकार ओपीडीत केसपेपर काढा. तिथं जाईपर्यंत दारू एकदम तोडू नका. सहसा दारू तोडताना होणारा त्रास आवरणारी क्लोरडायझेपॉक्साइडची गोळी देऊन पाच-सात दिवसांत डोस उतरवत आणतात. लिव्हर खराब असेल तर लोरॅझेपाम. ओळखीच्या मेडिकलमधून या गोळ्या आणून वर दारू घेतली तर श्वास मंदावतो. ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलंय का, हे नक्की विचारा. बी-१ संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

डॉक्टरांपासून काही लपवू नका: एचआयव्हीच्या गोळ्या, हार्मोन्स, झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असताना नाल्ट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारं औषध) दिलं तर फार त्रास होतो. आणि कुणी ‘चहातून द्यायची पावडर’ सुचवली तर हात जोडा. त्यात डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास व्हावा असं औषध, असेल आणि माणूस नकळत वर प्यायला तर रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर १४ दिवसांपर्यंत हा धोका राहतो.

साध्या_कागदावर
सहीचं सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारूच्या व्यसनालाही लागू आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीनं दाखल होत असेल तर कलम ८६ प्रमाणे त्याची एकट्याची सही पुरते.

तरीही दाखल होण्याआधी एक कागद कराच. कलम १४ नुसार कुणाही सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस, नेमता येतो; तो नात्यातलाच हवा असं नाही. स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर ‘मी अमुक, माझा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून तमुक यांना नेमत आहे’ एवढं, तारीख, सही. खाली जोडीदाराची ‘मला मान्य आहे’ म्हणून सही. दोन झेरॉक्स काढा, एक फाइलला लावायला सांगा.

हा कागद नसला आणि मित्र शुद्धीत नसला, तर कायद्यानं रक्ताच्या किंवा लग्नाच्या नातेवाइकांचा नंबर आधी लागतो. म्हणजे वडील. आणि कलम २३ ची गोपनीयता असली तरी प्रतिनिधीला माहिती द्यावी लागते. नात्याची गोष्ट गडहिंग्लजला पोचते ती बहुतेक या वाटेनं.

निळी_छत्री
खासगी केंद्रात ठेवणार असाल तर आधी फोनवर विचारा. रात्री डॉक्टर असतो का? फोन काढून घेतात का, किती दिवस? भेटायला जोडीदार चालेल का? दाखल होणारी कुणी मैत्रीण ट्रान्स असेल तर झोपायची आणि आंघोळीची सोय कुठं, तेही. ‘पुरुष वॉर्डात ॲडजस्ट करू’ म्हणाले तर दुसरीकडं बघा. याच कायद्याच्या कलम १८ मध्ये लिंग आणि लैंगिक कल यांवरून भेदभाव करायला मनाई आहे.

‘दारू सुटली की ती सवयपण सुटंल’ असं कुणी समुपदेशक बोलला तर तिथं माणूस ठेवू नका. लैंगिक कल बदलण्याचे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलेलं आहे.

माहितीसाठी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मन सैरभैर झालं तर टेलिमानस १४४१६.

आजचा_दिवस
डिटॉक्सनंतरचे, म्हणजे अंगातली दारू उतरवल्यानंतरचे, तीन महिने खरे अवघड. एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला ‘दारू सोडायची इच्छा’ एवढीच अट आहे, बाकी काही सांगावं लागत नाही. पण मराठीत शेअरिंग करताना क्रियापद दगा देतं. जोडीदाराशी भांडण झालं तर ‘तो रुसला’ म्हणायचं का ‘ती रुसली’? दर वेळी ‘ती’ म्हणत गेलं की माणूस खोटं सांभाळण्यातच दमतो आणि मीटिंग सोडतो. म्हणून अवघड तेवढं एकट्या स्पॉन्सरला, म्हणजे आधीच दारू सोडलेल्या आणि आपल्याला वाट दाखवणाऱ्या एए सदस्याला, सांगावं. स्पॉन्सर आपल्याच लिंगाचा घ्यावा म्हणतात, ते आकर्षण टाळायला. गे माणसानं मूळ हेतू बघावा: जिच्याबद्दल ओढ वाटणार नाही अशी, काही वर्षं सोबर असलेली व्यक्ती, मग ती बाई का असेना. एलजीबीटी लोकांच्या ऑनलाइन मीटिंगा असतात, आठवड्याला एक तरी धरावी.

पार्टीचं म्हणाल तर रात्री अकराला डेटिंग ॲपवर ‘बसायचं का?’ येतंच. पहिले ९० दिवस ॲप काढून टाका. भेटायचंच तर सकाळी सातला रंकाळ्यावर. तीन-चार जण जमले की आठवड्याचा तास ठरवा: फोटो नाही, आडनाव नाही, पिऊन आलेल्यानं बसावं पण बोलू नये, आणि जाताना त्याला एकटं सोडू नये. असे गट मोडतात ते बहुतेक आतल्या आत प्रेम जमून फिसकटलं की; नवीन माणसाशी वर्षभर तरी ते नको. गटारी आणि मटणाच्या जेवणावळींचे दिवस आधीच वहीत लिहा. कुणी जोगता (यल्लमा देवीला वाहिलेला) मित्र असेल तर सौंदत्तीची यल्लमाची यात्राही. त्या दिवशी कुणाला फोन करायचा, हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं.

पन्हाळा_वारा
कागद आज रात्रीच लिहून घेतो. जोडीदार पण पार खचलाय, त्याच्यासाठी काय?

आजचा_दिवस
अल-अनॉनची मीटिंग. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असते, आणि तो घरचाच आहे. त्याला सांगा, बाटल्या मोजायच्या नाहीत, लपवायच्या नाहीत, ऑफिसात खोटी कारणं द्यायची नाहीत. सोमवारी सीपीआरला तोच बरोबर जाऊ दे. किती आणि कधीपासून, हे तो जास्त नीट सांगेल.