घर भाड्याने देणाऱ्यांनो, चावी देता-घेतानाचे अनुभव लिहा (नाशिक)

गोदाकाठ
परवा पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटची चावी परत घेतली. अंबडला नोकरी करणारं कुटुंब होतं, आता पुण्याला बदली झाली. वहिनींनी जाताना ओटा लख्ख घासून ठेवला होता. सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला, त्यावर गीझरची सर्व्हिसिंग कधी केली, प्युरिफायरचा फिल्टर कधी बदलला, सगळं तारखांसकट. तो कागद बघून दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची फार आठवण आली.

पंचवटीत आमच्या माडीवरच्या दोन खोल्या ते भाड्याने देत. नवीन बिऱ्हाड आलं की दादा वही घेऊन त्यांच्याबरोबर अख्खं घर फिरायचे. प्रत्येक नळ पूर्ण सोडायचा, बंद करायचा, मग थेंब गळतो का बघत तिथेच उभं राहायचं. वहीत लिहायचे, 'मोरीचा नळ पितळी, वायसर नवा. खिडकी रस्त्याकडची, खालची डावी काच तडकलेली. होल्डर चार, बल्ब तीन.' खाली दोघांच्या सह्या. घर सोडताना तीच वही, तीच फेरी. डिपॉझिटवरून आमच्या जिन्यात कधी आवाज चढलेला मला आठवत नाही.

मी हेच मोबाईलवर करते. भाडेकरू सोबत असताना व्हिडिओ काढायचा, तिथल्या तिथे त्यांना पाठवायचा आणि 'बघितलं, बरोबर आहे' असं लिहून मागायचं. करारालाही वस्तूंची यादी जोडते. आता पुन्हा नवीन भाडेकरू शोधायचेत, म्हणून म्हटलं तुमचेही अनुभव विचारावेत. मालक, भाडेकरू, सगळ्यांनी लिहा.

एमएच१५
व्हिडिओत वीज मीटरचं रीडिंग घ्या, मीटर नंबर दिसला पाहिजे. आणि महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला मोबाईल नंबर कायम आपलाच ठेवा. बिल भाडेकरूच भरतो, पण मेसेज मला येतो. थकलं की लगेच कळतं. एरवी कळतं ते माणूस सामान घेऊन गेल्यावर.

शीतल_सिडको
दादांची वही वाचून गलबलून आलं गं. पंचवटीत कुठे? माझं आजोळ काळारामाच्या मागे.

गोदाकाठ
@शीतल नाग चौकाजवळ. आता ते घर नाही, बिल्डिंग झाली.

शीतल_सिडको
अगं मग आजी तुमच्या दादांना ओळखत असणार. विचारते तिला.

काळाकोट
वकिली करतो, सातत्याने हेच बघतो म्हणून जरा सविस्तर. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की ११ महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही. महाराष्ट्रात हे लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच ठराविक मुदतीचा करार, लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठं नुकसान असं की नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. तुम्ही म्हणाल भाडं १८ हजार ठरलं, तो म्हणेल १०. मग बसा.

खर्चाचा बाऊ करू नका. १५ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, ११ महिने धरा. एकूण भाडं १,६५,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं, त्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक. चारशे-पाचशेच्या घरात जातं. नोंदणी फी शहरात हजार. ऑनलाइन होतं, माणूस घरी येऊन आधारवर अंगठे घेतो. त्याची फी वेगळी, ती आधी विचारा.

उन्हाळी_कांदा
आमचा एजंट म्हणतो नोटरी पुरते, कॉलेज रोडला सगळे असंच करतात

काळाकोट
@उन्हाळी_कांदा सगळे करतात म्हणून ती नोंदणी होत नाही. नोटरी वेगळी, नोंदणी वेगळी. एजंट दलाली घेऊन मोकळा होतो, कोर्टात तुम्ही उभे राहता.

अजून एक. करार नोंदलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस निघत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, दिवाणी दाव्यासारखी वर्षानुवर्षं जात नाहीत. मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत करारातल्या रकमेच्या दुप्पट द्यावी लागते. आणि कृपा करून कोणी पाणी-लाईट तोडायच्या भानगडीत पडू नका. ज्याची बाजू भक्कम तोच त्या दिवशी आरोपी होतो.

सातपूरकर
आमचा फ्लॅट श्रमिकनगरला. कंपनीत लागलेली चार पोरं राहतात. एकाच्याच नावाने करार असायचा, तो नोकरी सोडून गेला की उरलेले कोण, कुठले, काहीच कागदावर नाही. मी चौघांची नावं टाकतो, चौघांचे अंगठे घेतो. एक गेला, दुसरा आला की नवा करार. कटकट आहे, पण रात्री झोप लागते.

पोरं चांगली आहेत हो. 'बॅचलर नको' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो. गेल्या गणपतीत सोसायटीचं सगळं डेकोरेशन यांनीच केलं.

इंदिरानगरची
सातपूरकर, आमच्या सोसायटीत बॅचलर म्हटलं की सेक्रेटरी अंगावर येतात. आणि भाडेकरू ठेवला म्हणून मेंटेनन्स दीडपट लावलाय. सगळीकडे असंच आहे का?

सातपूरकर
नाही ताई. बिनभोगवटा शुल्क म्हणतात त्याला. २००१ चा शासनाचा आदेश आहे, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आणि १० टक्के हे सेवा शुल्कावर, घरपट्टी वगैरे धरून आलेल्या पूर्ण बिलावर नाही. आईवडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण राहत असतील तर तेही नाही. लेखी पत्र द्या, पोच घ्या. तोंडी भांडू नका.

इंदिरानगरची
बापरे. आजच पत्र लिहिते. खूप आभार दादा 🙏

पिंपळपार
तुम्ही सगळे फ्लॅटवाले. आमचा जुन्या नाशकात वाडा, आजोबांच्या काळातले भाडेकरू, भाडं महिन्याला दोन आकडी. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवता येतं, म्हणजे दोन-तीन रुपये. आणि पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्याची नोटीस येते ती मालकाच्या नावाने. कौलं बदलायला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची दिवसाची मजुरी वाड्याच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त.

तरी एक सांगतो. माजघरातल्या काकूंनी माझ्या आईचं शेवटचं दुखणं काढलं. लेकीने करावं तसं. त्यांना मी कोणत्या तोंडाने निघा म्हणू? दर महिन्याला पावती देतो, मागितली नाही तरी. पावती देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, आणि काकूंनाही ती हवी असते. देव्हाऱ्याखालच्या डब्यात सगळ्या जपून ठेवल्यात.

शीतल_सिडको
पिंपळपार काका, नमस्कार सांगा काकूंना.

द्राक्षवेल
म्हसरूळला विद्यापीठाजवळ वन बीएचके. कोणी सांगेल का, कुंभाचं काय करायचं? भाडेकरू आत्ताच विचारतायत, २०२७ ला आम्हाला काढणार का. ओळखीतले लोक म्हणतात तेव्हा रोजाच्या भावाने जाईल.

नाशिकरोडकर
@द्राक्षवेल २०१५ ला माझ्या चुलतभावाने तपोवनाकडचं रो-हाऊस त्या आशेने आधीपासून रिकामं ठेवलं. नव्या गाद्या, बादल्या सगळं आणलं. पर्वणीला रस्ते बंद, गाडी लांब कुठेतरी लावून लोक चालत येणार आणि स्नान करून परत जाणार. मुक्कामाला मोजकेच आले. त्याआधी जे कुटुंब सोडून गेलं ते सरकारी छापखान्यातलं, पगार एक तारखेला, भाडं दोन तारखेला. तसे भाडेकरू त्याला पुन्हा नाही मिळाले. चांगलं बिऱ्हाड असेल तर हलवू नका.

द्राक्षवेल
धन्यवाद. माझीही तीच भावना होती. नर्सिंगच्या दोघी मुली आहेत, एक तर सटाण्याची, घरून डाळिंबं घेऊन येते.

एमएच१५
सटाण्याची डाळिंबं आणणाऱ्या भाडेकरूला कोण काढतं 😄

काळाकोट
@द्राक्षवेल त्यांची भीती घालवायची असेल तर लॉक-इन करारात लिहा. दोघांनाही लागू असं. म्हणजे त्या मुदतीत त्याही मध्येच सोडणार नाहीत आणि तुम्हीही काढणार नाही. नोटीस किती महिन्यांची तेही लिहा. कुंभाचं नाव घ्यायची गरजच उरत नाही.

वाचनमात्र
मी भाडेकरू आहे, लिहू का? गोविंदनगरला राहते. आधीच्या मालकांनी घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं. करारात नव्हतं. 'पद्धत आहे' म्हणाले. आम्ही भिंतीला एक खिळा मारला नव्हता, उलट बाथरूमबाहेरच्या भिंतीला ओल आली ती आम्हीच फोटो काढून वेळोवेळी कळवत होतो.

आत्ताच्या मालकीणबाई, त्यांना आम्ही मावशीच म्हणतो, येण्याआधी फोन करतात. स्वतःचं घर असून बेल वाजवून दाराबाहेर थांबतात. डिसेंबरच्या कडाक्यात गीझर गेला तर त्याच संध्याकाळी मेकॅनिक पाठवला, म्हणाल्या लहान बाळ आहे घरात. अशा घराला आपण जपतोच ना?

उन्हाळी_कांदा
रंगाचे पैसे तर सगळेच कापतात ताई, मालकाला पण खर्च असतो

गोदाकाठ
@उन्हाळी_कांदा मला नाही पटत हे. माणूस राहिला की भिंत मळणारच, राहण्याचंच तर भाडं घेतो आपण. फुटलं-तुटलं असेल तर मेकॅनिकचं, सुताराचं बिल दाखवून कापावं. आणि रंगाचे घ्यायचेच असतील तर रक्कम आधी करारात लिहावी, म्हणजे समोरच्याला पटलं तर तो येईल. चावी हातात आल्यावर नियम सांगणं बरोबर नाही. मी डिपॉझिट चावी घेताना तिथेच परत करते. वीजबिल अजून यायचं असेल तर रीडिंगवरून हिशोब करून तेवढेच मागे ठेवते. त्या लोकांना पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं, त्यांचे पैसे आपल्याकडे अडकवून काय करायचंय?

वाचनमात्र
गोदाकाठ ताई, तुमचा फ्लॅट अजून रिकामा आहे का? 😊

देवळालीकर
मुलगा अमेरिकेत, फ्लॅट त्याच्या नावावर अशोका मार्गाला, बघतो मी. कुलमुखत्यारपत्र माझ्या नावाने आहे, त्याशिवाय करारावर मला सही करता येत नाही. आणि मालक अनिवासी भारतीय असला की भाडेकरूने टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आयकर, कापून भरायचा असतो, भाडं कितीही कमी असो. निवासी मालकाला आहे तशी महिन्याला ५० हजारांची मर्यादा इथे नाही. बऱ्याच भाडेकरूंना माहीत नसतं, आणि नोटीस त्यांना येते. मी पहिल्याच भेटीत सांगतो. काही जण तिथूनच परत जातात, जाऊ देत. नंतर कळून मनस्ताप होण्यापेक्षा बरं.

नाशिकरोडकर
टॅक्सचा विषय निघालाय म्हणून, भाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, दुरुस्ती केली असो नसो. घरपट्टी त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेली हवी, आणि आपण भरलेली. एप्रिलमध्ये एकरकमी भरली तर महापालिका सवलतही देते. भाडं बँकेतूनच घ्या. वर्षाचं लाखावर गेलं की एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी, भाडेकरू तुमचा पॅन मागणारच.

ओझरवाला
आडगावला मेडिकलच्या पोरांना रूम दिलीय, त्यांच्यासाठी चांगला डबा कोणी सुचवेल का? सध्याचा डबेवाला भाजीत नुसतं तेल सोडतो म्हणतात.

सातपूरकर
ओझरवाला, मालक भाडेकरूच्या जेवणाची काळजी करतोय, वा. व्यक्तिगत निरोप करतो, एक ताई आहेत अमृतधामला, भाकरी पण देतात.

इंदिरानगरची
वाचनमात्र यांनी ओलीचं लिहिलंय त्यावरून विचारते, आमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे येतात. भाडेकरू म्हणतात रंग द्या.

एमएच१५
आतून रंग देऊन उपयोग नाही, पुढच्या आषाढात परत तेच. नाशकात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, पाणी बाहेरच्या भेगांतून आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेने येतं. उन्हाळ्यात बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफ रंग, मग भिंत पूर्ण वाळू द्या, मग आतून. बाहेरची भिंत सोसायटीची, तेही त्याच पत्रात लिहा. आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका म्हणावं, मागे बुरशी येते.

इंदिरानगरची
पत्र लांबतच चाललंय! लिहिते सगळं.

द्राक्षवेल
पोलिसांना माहिती द्यायची राहिलीये माझी, दुसऱ्या मुलीचं नाव नवीन आहे. काय काय कागद लागतात? ड्युटी संपवून उद्या जाईन म्हणते.

सातपूरकर
नोंदणी केलेल्या कराराची प्रत, तुमचं आणि दोघींचं आधार, दोघींचे फोटो. झेरॉक्सचे दोन संच न्या, एकावर पोच घ्या. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवरूनही भरता येतं, फेरी वाचेल. मुलींच्या घरचे नंबर पण टाका त्यात.

द्राक्षवेल
हो, आईवडिलांचे दोघींचेही आहेत माझ्याकडे. ऑनलाइनच भरते मग.