सल्ला हवा: आईने साठवलेलं अन्न आणि स्वयंपाकघराची अवस्था

ओसरी

आई ७८ वर्षांची, सोलापुरात एकटी राहते. आम्ही महिन्यातून दोन दिवस जाऊ शकतो. फ्रिजमध्ये एका वेळी पंधरा-वीस वाट्या-पातेली झाकून ठेवलेली असतात, काहींवर बुरशी. फडताळात तीन वर्षांपूर्वीचे तांदूळ, भुंगे पडलेली चवळी, खवट शेंगदाणे, कधीतरी उपासाला आणलेली भगर. ओट्यामागे झुरळं, कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या. काही टाकायला घेतलं की "अन्न टाकू नये" म्हणून रडायला लागते. मागच्या वेळी तिच्या अपरोक्ष दोन पिशव्या टाकल्या, तेव्हापासून फडताळाला कुलूप आहे.

टाकायचं काय आणि चालेल काय? न भांडता हे कसं करायचं? डॉक्टरांना दाखवावं का?

निवडणटिपण

ओसरी, आधी पहिला प्रश्न, कारण भांडणं तिथूनच सुरू होतात. जुनं वेगळं आणि घातक वेगळं. सरसकट टाकायला निघालात की आईचं म्हणणं निम्मं खरं ठरतं, आणि मग तुमचं खरं असलेलं निम्मंही ती ऐकत नाही.

मीठ, साखर, मध, कोरडा गूळ, तेलात बुडालेलं लोणचं, नीट कढलेलं तूप राहू द्या. तीन वर्षांचा तांदूळही राहू द्या. सोंडे पडलेला तांदूळ चाळून, निवडून, धुऊन खाता येतो. फक्त तो कडक उन्हात घालू नका, दाणा तडकून कणी होते. सावलीत वाऱ्यावर पसरा. किंवा किलो-किलोच्या पिशव्या घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा, अंडी-अळ्याही मरतात. एका दाराच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा गार होत नाही, तिथे आठवडाभर ठेवावं लागतं. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. लगेच उघडली की दाण्यांना पाणी सुटतं आणि किडे गेले पण बुरशी आली, असं होतं. चवळीचे बरेच दाणे भोकं पडून पोकळ झाले असतील तर मात्र ती गेली. आईच्या हातात मूठभर द्या, दाणा हलका लागतो ते तिला तुमच्याआधी कळेल.

आता ज्यावर तडजोड नाही ते.

शेंगदाणे, सुकं खोबरं, मका: बुरशी धरलेले, काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला मारक आहे, आणि भाजून, तळून, कूट करून जात नाही. इथे घरोघरी एक चूक होते: "टाकत नाही, गाईला घालते." गाईने खाल्लेलं हे विष तिच्या दुधात उतरतं. आईला हे एकच कारण सांगून पाहा. गाईला चांगल्या पोळ्या आणि भाजीचे देठ द्या.

भगर: अन्न व औषध प्रशासन सणासुदीला भगरीबद्दल सूचना काढतं ते उगीच नाही. दमट हवेत तिला बुरशी चटकन लागते. सुटी, जुनी, दळून ठेवलेली भगर सरळ बाद. उपासापुरती अर्धा किलोची तारीख असलेली बंद पिशवी आणा, पीठ लागेल तेवढंच दळा.

शिजवलेला भात: हा सर्वांत फसवा. तांदळात बॅसिलस सिरिअस जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष सकाळच्या फोडणीत टिकतं. उरलेला भात ताटात पसरून निववा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. त्याहून सोपं म्हणजे एका माणसाला एका वेळी अर्धी वाटी तांदूळच घ्यायचा.

आमटी, पोळी, ब्रेड, दही यांवरची बुरशी वरवर काढून चालत नाही, तिचे तंतू आत गेलेले असतात. फुगलेलं पाकीट किंवा डबा न उघडता टाका.

आणि जुन्या कोठ्या उघडताना एक काळजी घ्या. त्या पिढीत धान्यात पारद टिक्की (पाऱ्याची गोळी), बोरिक पावडर, डांबर गोळ्या घालायची पद्धत होती. यांपैकी काहीही ज्यात निघालं ते धान्य खायचं नाही. पण सर्वांत भयंकर ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, बाजारात त्यांना सल्फास म्हणतात. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्यावर उतारा नाही. कोठी उघडताना लसणासारखा किंवा सडक्या माशांसारखा वास आला, आत राखाडी भुकटी दिसली, तर झाकण लावा, पाणी घालू नका, खिडक्या उघडून सगळे बाहेर या आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

ओपीडीतून

डॉक्टरांना जरूर दाखवा. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर काढा: हे कधीपासून आहे?

आयुष्यभर साठवणीचा स्वभाव असेल तर तो त्या काळाचा ठसा आहे. १९७२ चा दुष्काळ, रेशनवरची मिलो ही परदेशी तांबडी ज्वारी, दुष्काळी कामावरची सुकडी पाहिलेल्या माणसाला भरलेली कोठी म्हणजे निर्धास्तपणा वाटतो. त्याला आजार म्हणू नका. वर्ष-दोन वर्षांत वागणं बदललं असेल तर तपासण्या हव्यात. आणि चार-आठ दिवसांत एकदम बदललं, बोलणं असंबद्ध झालं, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं ही त्याची नेहमीची कारणं.

तपासण्या साध्या आहेत: हिमोग्राम, बी-१२, टीएसएच (थायरॉइडची), सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, लघवी. शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ चुकवू नका.

मग नाक आणि डोळे. वयाबरोबर वास कमी होतोच, अल्झायमर आणि पार्किन्सनमध्ये तो फार लवकर जातो. आंबलेली आमटी तिला खरंच आंबलेली वाटत नसेल. डोळे मिटायला सांगून कॉफी, वेलदोडा, लवंग एकेक करून हुंगायला द्या. मोतीबिंदू असेल तर पांढरी बुरशी दिसत नाही, तेव्हा स्वयंपाकघरात आधी चांगला प्रखर दिवा लावा. गुडघे वाकत नसले की खालच्या कप्प्यातलं तिथेच सडतं, मनगटात जोर नसला की फडकं पिळलं जात नाही. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

"आठवण तर पक्की आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होतो. त्यात सुरुवातीला आठवण शाबूत असते; साठवणं, गोडाचा हव्यास आणि अस्वच्छतेची पर्वा न राहणं आधी दिसतं. नैराश्यातही घर असंच होतं, आणि ते उपचारांनी सुधारतं.

डॉक्टरांसमोर आई "माझं सगळं छान आहे" म्हणेल. म्हणून कधीपासून, काय, किती हे अर्ध्या पानावर लिहून आधीच त्यांच्याकडे द्या. दर महिन्याला वजन करा. सहा महिने ते वर्षभरात आपोआप पाच टक्के, म्हणजे ६० किलोला ३ किलो, घटलं तर साठवलेलं अन्न पोटात जात नाही असं समजा. मोठ्या रुग्णालयांत ज्येष्ठांची वेगळी ओपीडी असते, नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ. फोनवर विचारायला एल्डरलाइन १४५६७ आणि टेली मानस १४४१६ आहेत.

कृष्णाकाठ

कुलपाबद्दल बोलते. त्या कुलपाला हात लावू नका आणि किल्लीही मागू नका. "तुला विचारल्याशिवाय काही टाकणार नाही" हे एकदा स्पष्ट सांगा आणि पुढच्या दोन-तीन खेपा ते पाळून दाखवा. तोवर काही साफ झालं नाही तरी चालेल, बुरशीचं ताटात येणार नाही एवढंच पाहा.

मग सकाळी चहा झाल्यावर अर्धा तास, एकच कप्पा. जिथे तिचा जीव गुंतलेला नाही तिथून सुरुवात: मुदत संपलेली औषधं, फुटके प्लास्टिकचे डबे. फ्रिज दुसऱ्या खेपेला, धान्य सर्वांत शेवटी. "हे टाकू?" विचारलं की उत्तर नाहीच येणार. "हे कुणाला देऊ?" विचारा. चांगलं आणि बंद असलेलं शेजारी, मंदिराच्या अन्नछत्राला. खराब झालेलं मातीला.

हे मातीला देणं मनापासून करा. तळाला आणि बाजूला भोकं पाडलेला माठ किंवा बादली, खाली चार बोटं वाळका पाला, ओल्याच्या दुप्पट कोरडं, आठवड्यातून एकदा उलथवणं. बुरशी आलेली पोळी आणि कीड लागलेलं धान्य त्यात चालतं, झाकण उघडताना नाकाला फडकं बांधा. तेलकट आणि दुधाचे पदार्थ मात्र नकोत, उंदीर येतात. अन्न कचऱ्याच्या गाडीत जाताना पाहवत नाही अशी माणसं कुंडीत जाऊ देतात.

रिकामी जागा उघडी ठेवलीत तर ती पुन्हा भरली जाईल. डबेच लहान करा. पंधरा किलोच्या डब्यात तीन किलो तांदूळ म्हणजे तिच्या डोळ्यांना घरात तांदूळ संपत आले. तेच तीन किलो काठोकाठ भरलेल्या डब्यात असले की जीव शांत राहतो.

आणि आवक रोखा. निम्मं काम तिथे आहे, नाहीतर तुम्ही दर महिन्याला उपसत बसाल. उन्हाळ्यात वर्षाचं भरणं बंद. एका माणसाला महिन्याला तांदूळ ३ किलो, ज्वारी-गहू मिळून ४, डाळी-कडधान्यं दीड, शेंगदाणे अर्धा, साखर १ किलो, तेल १ लिटर पुरतं. ही यादी नेहमीच्या वाण्याकडे देऊन ठेवा, जास्तीचं मागितलं तर तुम्हाला फोन करायला सांगा. दूध रोज अर्धा लिटर.

मोरीचा पाईप

झुरळं-उंदरांचं माझ्याकडे.

क्रम चुकवू नका: आधी अन्न झाकणबंद डब्यात, मग औषध. बाहेर खायला मुबलक असेल तर झुरळ औषधाकडे फिरकत नाही. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं जेल आणा. ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके, एका स्वयंपाकघराला पंधरा-वीस: फडताळाच्या बिजागऱ्या, फ्रिजच्या मागे, सिंकखाली, ओट्याच्या भेगा. त्याच जागी फवारा मारू नका, खडू ओढू नका. फवाऱ्याच्या वासाने झुरळं जेल खातच नाहीत, आणि मग "जेलचा उपयोग होत नाही" असं लोक म्हणतात. अंड्यांच्या कोषावर जेलचा परिणाम होत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरा हात.

लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धुळीतून रोग नाकात जातात. खिडकी अर्धा तास उघडी, हातमोजे, मास्क. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या आणि जुन्या कागदाने उचला. उंदराला पिंजराच लावा. औषध आणू नका: नजर अधू झालेल्या माणसाच्या घरात पिठात कालवलेली विषाची गोळी ओट्याजवळ असणं हाच मोठा धोका. भोकात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपा.

ब्लीच आणि संडास-मोरीचं ॲसिड एकाच दिवशी वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो श्वास कोंडतो.

फ्रिज बंद करून रिकामा करा, एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून दाराच्या रबराच्या घड्या उलगडून पुसा. एवढं करूनही वास राहिला तर मागे कॉम्प्रेसरवर पाणी साठायचा ट्रे असतो, तो पाहा. आतलं तापमान ४-५ अंश हवं. दहा वाट्यांनी हवेची वाट अडली की ते ८-१० वर जातं, म्हणजे कोंबलेला फ्रिज स्वतःच अन्न नासवतो. फडकी दहा मिनिटं उकळून उन्हात वाळवा. फरशी ओली असेपर्यंत आईला दुसऱ्या खोलीत बसवा.

दूरदेशी

कामाच्या मावशींना तासाभराचे जास्तीचे पैसे देऊन सोमवार-गुरुवार फ्रिजचं काम लावून द्या, पण ते आईसमोर ठरवा. लपूनछपून टाकायला त्यांना कधीही सांगू नका. वस्तू दिसेनाशी झाली की चोरीचा आळ त्यांच्यावर येतो, आणि घरात येणारं एकमेव माणूस सुटतं. डब्यांवर चिकटपट्टी लावून आजची तारीख मोठ्या मराठी आकड्यांत आईनेच लिहायची.

ओसरी

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. कोठ्यांबद्दल माहीत नव्हतं, आजच फोन करून उघडू नकोस म्हणून सांगते. एक राहिलं: ती साय साठवते तुपासाठी, महिना-महिना. ती टाकायला सांगितलं तर फार दुखावेल.

निवडणटिपण

टाकायला सांगू नका, जागा बदला. साय फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नाही, वरच्या बर्फाच्या कप्प्यात, पाव किलोच्या झाकणाच्या डब्यात, तारीख घालून. अर्ध्या लिटर दुधाच्या सायीने डबा भरायला आठ-दहा दिवस लागतात. भरला की रात्री बाहेर काढायचा, कोमट झाल्यावर चमचाभर ताजं दही घालून विरजण, दुसऱ्या दिवशी घुसळणं. आत्ता जी महिनाभराची खाली आहे ती पिवळट, कडू किंवा ठिपके पडलेली असेल तर कुंडीतही नको, कागदात गुंडाळून कचऱ्यात. पण त्याच दिवशी नवा डबा तिच्या हातात द्या, पहिली साय तिलाच काढू द्या.