एकाच जांभ्याचे दोन वेळा दोन आकडे, चूक कुठे शोधू?

खानापूरची विद्यार्थिनी:
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी जांबोटीकडचा जांभा आणलाय. एकाच पोत्यातून दोनदा नमुना दिला. ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) आधी 46.2 टक्के, नंतर 43.1. दोन्ही वेळा तेच एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक मोजणारं मशिन), पूड दाबून केलेल्या वडीवर, म्हणजे पेलेटवर. सर म्हणतात सरासरी घे, पण मन तयार होत नाही. लॅब बदलू का?

निवृत्त केमिस्ट, टिळकवाडी:
बाळ, सरासरी घेऊ नकोस. तीस वर्षं बॉक्साइटच, म्हणजे ॲल्युमिनियमचं धातुकच, तपासलं मी. मशिनकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

पोत्यातून दोनदा काढलंस म्हणजे दोन वेगळे दगड दिलेस. जांभ्यात लोखंडाची लाल गाठ आणि पिवळसर माती एकमेकींना चिकटून असतात, मूठभर उचललं की कुठली जास्त येईल याचा नेम नाही. सगळं पोतं फोड, ढीग कर, चार वाटे कर, समोरासमोरचे दोन ठेव, पुन्हा बारीक फोड. असं करत शेवटी पूड 75 मायक्रॉनच्या चाळणीतून सगळी जायला हवी. चाळणीवर उरलेलं टाकायचं नाही हं! तेच कठीण असतं आणि त्यात घटक वेगळे असतात.

मग ओल. 105 अंशांवर वाळव, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार कर, लगेच वजन घे. एका जुलैत आमचे सगळे आकडे रोज थोडे थोडे उतरत होते. आठवड्यानं लक्षात आलं, डेसिकेटरमधली सिलिका जेल कधीच गुलाबी झाली होती, म्हणजे तिची ओल शोषायची ताकद संपली होती.

एलओआय, म्हणजे तापवल्यावर वजन किती घटतं ते, 1000 अंशांवर वेगळा काढ. गिब्साइट या ॲल्युमिनियमच्या खनिजात, शुद्ध असेल तर, पाणीच 34.6 टक्के असतं, तिथं चुकलीस तर सगळ्या घटकांची बेरीज शंभराच्या आसपास येणारच नाही.

निपाणीहून:
काकांचं खरं आहे. पण पेलेटमध्ये कणांचा आकार आणि खनिजाचा प्रकारही आकडा हलवतो. म्हणून पूड लिथियम बोरेटमध्ये वितळवून काचेची चकती करून घे. आणि ईडीटीए टायट्रेशननं (ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब घालून मोजायच्या पद्धतीनं) पडताळणार असशील तर टायटॅनियमही ॲल्युमिनात मोजला जातो, टीआयओ-2 चे (टायटॅनियमच्या ऑक्साइडचे) टक्के गुणिले 0.638 इतकं वजा कर.

खानापूरची विद्यार्थिनी:
मग आकडा बरोबर आला हे कळणार कसं?

निवृत्त केमिस्ट, टिळकवाडी:
ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी पूड सोबत दे. बॉक्साइटसाठी एनआयएसटी या अमेरिकेतल्या मानक संस्थेची 600 नंबरची पूड मिळते. जी-1 नावाचा ग्रॅनाइट आणि डब्ल्यू-1 नावाचा डायबेस (एक काळसर कातळ) यांची एकसारखी पूड बऱ्याच लॅबना वाटली होती, 1951 साली त्याचा अहवाल आला आणि चांगल्या चांगल्या लॅबचे आकडे जुळले नव्हते. म्हणून तुझीच एक पूड दोन वेगळ्या नंबरांनी पाठव, लॅबला सांगू नकोस.

खानापूरची विद्यार्थिनी:
रविवारी पोतं अंगणात ओतते. आकडे आले की इथंच टाकेन, काका.